बकरी खात नाही ते झाड

“काकाजी, बकऱ्या शिरल्या का जी?” कुंपणाबाहेरून शेजारच्या रोशनने विचारलं.

तोडलेल्या पळसांच्या खुंटांवरून मोरेश्वरांनी मान वर केली नाही. बकऱ्या कोयता चालवत नाहीत, हे विचारणाऱ्यालाही कळत होतं.

सौंसरच्या त्या वॉर्डाचा सगळा कचरा जिथे पडायचा, तिथे मोरेश्वरांनी नळयोजनेच्या पंपावरून निवृत्त झाल्यावर पाच वर्षं हाडाची काडं करून राई उभी केली होती. आधी आंबा, जांभूळ लावून पाहिलं. ते बकऱ्यांनी फस्त केलं. मग म्हातारा हट्टाला पेटला आणि पळस लावला. पळसाला बकरी तोंड लावत नाही, पाण्याचेही त्याला लाड लागत नाहीत. एक्केचाळीस पळस डोक्याच्या वर गेले, पाखरं आली, संध्याकाळी बायका टेकू लागल्या. उद्या पटवारी उभी झाडं मोजणार होते. तीस भरली तर जागा बगिच्याची, नाही तर ट्रक उभे करायला.

आज पोळा, आणि उभी होती चार.

बकरीचा विचार केला, पोळ्याचा केलाच नाही! पोळ्याला इकडे दारोदारी पळसाची फांदी, म्हणजे मेढा, लागतो. दुसऱ्या सकाळी घरची इडापिडा त्याच्यासोबत बाहेर फेकायची. त्यासाठी आजवर माणसं रानात जायची.

“तू बी तोडला?”

“एकच फांदी जी. सगळेच तोडून राहिले होते. आपलंच तं हाय, म्हटलं. रानात कोन जाते?” रोशन ओशाळला. “पळस फुटते ना परत.”

“फुटते. पटवारी थांबते का तवरोक?”

‘ही जागा आपली आहे’ हे पाच वर्षं घसा कोरडा करून सांगितलं होतं त्यांनीच. लोकांना ते आज पटलं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि रागवायचं तरी कोणावर?

घरी आले, तर त्यांच्याही दारात मेढा.

“शेजारची चंचल देऊन गेली,” त्यांच्या पत्नी जयश्रीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “सणाचं दार रिकामं कसं ठेवू वो?”

मोरेश्वर पुरणपोळीला हात न लावता उठले.

दुसऱ्या सकाळी “इडापिडा घेऊन जा गे मारबत!” अशी पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीला आरोळी ठोकत वॉर्ड निघाला. फेकायचं म्हटलं की पाय जुन्या सवयीने राईकडेच वळले. खुंटांवर फांद्या पडल्या, त्यांच्यावर फाटक्या चपला, मोडके झाडू. दहाला पटवारी आले.

“कचऱ्याचीच जागा दिसते,” ते म्हणाले. त्यांनी चार झाडं लिहून घेतली आणि निघून गेले.

मोरेश्वर घरी परतले. त्यांच्या दारातला मेढा तसाच होता. त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती.

“राहू दे, मी फेकतो,” ते जयश्रीबाईंना म्हणाले.

सुकत चाललेली ती फांदी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि रस्त्यावर आले. रीतीप्रमाणे आरोळी द्यायला तोंड उघडलं. पण घेऊन जा म्हणायचं ते काय, हे काही त्यांना सुचेना.