हात लागलेलं पिल्लू

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत माणूस पडला तर लोक खिडकीतून बघतात. पोपटाचं पिल्लू पडलं तेव्हा मात्र झाडून सगळे खाली आले.

ते आपण होऊन पडलं नव्हतं. पार्किंगशेजारच्या शिरीषाची वाळकी फांदी सचिव श्यामराव भडभडे यांच्या डोळ्यांत वर्षभर खुपत होती. ऐन मार्चमध्ये त्यांनी ती उतरवली. मी आधी बजावलं होतं, "श्यामराव, तिच्यात ढोली आहे. पावसाळ्यापर्यंत थांबा."

"पद्मजाताई, पोपटांना झाडांची काय कमी? बांधतील दुसरं घरटं."

पोपट घरटं बांधत नाही. काडीसुद्धा उचलत नाही. तांबटाने किंवा सुतार पक्ष्याने कोरून सोडलेलं भोक शोधतो, चोचीने जरा रुंद करतो आणि तिथे संसार मांडतो. असं भोक बहुधा वाळक्या लाकडात मिळतं, आणि वाळकं लाकूड दिसलं की सचिवांना चैन पडत नाही. हे मी शाळेत जन्मभर शिकवलं. श्यामरावांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. घरी जाऊन त्याने काही सांगितलं नसावं.

पहिल्या मजल्यावरच्या ऋचाने पिल्लू उचलून बुटांच्या खोक्यात ठेवलं. अंगावर हिरवी पिसं आलेली, शेपटी मात्र आखूड. मी पोचले तेव्हा ती त्याला दुधात भिजवलेला पाव भरवत होती.

"काकू, किती क्यूट आहे ना!"

"आहे. पोपटाला दूध पचत नाही. मरेल तेव्हाही क्यूटच दिसेल."

तिने वाटी बाजूला ठेवली. मुलगी बरी आहे, फक्त मोबाइलला विचारून सगळं करते.

"हे वर ठेवायला हवं," मी म्हटलं. "ओंडका अजून खाली पडलाय, ढोली शाबूत आहे. झाडाला बांधू आणि आत सोडू. आईबाप घिरट्या घालतायत."

"आता काही उपयोग नाही," श्यामराव म्हणाले. "माणसाचा हात लागला. आई जवळ करणार नाही. उलट टोचून मारेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्यात विजेचं बिल चार वेळा तपासतात, पण हात लागलेल्या पिल्लाची गोष्ट आजीने सांगितली तशी जपून ठेवतात. पक्षी काही सोवळ्यात नसतात. पिल्लू ते आवाजावरून ओळखतात, आपल्या हाताच्या वासावरून त्याला वाळीत टाकत नाहीत.

श्यामरावांनाही ते पटलं असतं. पण पिल्लू वर गेलं असतं तर फांदी चुकीची तोडली हे सोसायटीभर झालं असतं. पाळलं, की तीच भूतदया ठरते. त्यांनी माळ्यावरून आजोबांचा पितळी पिंजरा काढला, चिंच लावून घासला आणि ऋचाच्या गॅलरीत टांगला.

"कंठी नाही, म्हणजे मादी. हिचं नाव मैना."

"श्यामराव, कंठी नरालाच येते, आणि तीही तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. तुम्हाला मिशी जन्मतः होती का? शिवाय आपला पोपट पाळणं हा कायद्याने गुन्हा आहे."

"अहो, आमच्या घरात पेशवाईपासून राघू पाळतायत!"

पेशवाई! पोपटाचं कूळ कोट्यवधी वर्षांचं. जवळची भावकी म्हणाल तर चिमण्यांची, आणि थोडी लांबची ससाण्यांची. त्याच्यापुढे भडभड्यांची वंशावळ कालची.

असे पेशवाई राघू मीही पाहिलेत. लहानपणी शनिवार पेठेत शेजारी एक होता. दोन बोटं पुढे, दोन मागे, फांदीवर चढायला आणि पेरू मुठीत धरायला घडलेला पाय. तो जन्मभर पिंजऱ्यातल्या एकाच तारेवर. घरातली आजी गेल्यावर वर्षभर तो तिच्या आवाजात सुनेला ओरडायचा, "यमे, कडी लाव!" लोकांना गहिवरून यायचं. पोपट थव्यातला प्राणी, सोबत्यांच्या हाका शिकतो. थवा मिळाला नाही, म्हणून त्याने आजीलाच थवा मानलं. त्यात गहिवरण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

आणि थवे तेव्हा होते. हे कर्वेनगर तेव्हा हिंगणं होतं. नदीकाठी पेरू, वर ज्वारी. पोपट उतरले की राखणदार गोफण फिरवत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण ढोलीचं झाड कुणी तोडत नसे. आता शिव्या कुणी देत नाही, सगळे फोटो काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचाची हाक आली. "काकू, लवकर या! आवाज करू नका!"

गॅलरीच्या दाराआड श्यामराव आधीच उभे होते, हातात मिरची. पिंजऱ्यातलं पिल्लू बारीक आवाजात सारखं हाका मारत होतं. समोरच्या तारेवर कंठीवाला नर बसला होता. मादी पिंजऱ्याला लटकली, तिने मान खालीवर हलवत घशातलं अन्न वर आणलं आणि गजांतून पिल्लाच्या चोचीत भरवलं. त्या पिल्लाला अख्ख्या सोसायटीचे हात लागले होते. तिने वाळीत टाकलं नाही. टोचलं तर नाहीच.

मी श्यामरावांकडे वळले.

"आता?" मी विचारलं.

श्यामरावांनी हातातल्या मिरचीकडे पाहिलं आणि ती खिशात ठेवली. "फांदी तोडणाऱ्या माणसांना फोन करतो," ते म्हणाले. आवाजात सचिव नव्हता.

दुपारी ओंडका शिरीषाच्या बेचक्यात पक्का बांधला गेला, तोंड सावलीकडे. श्यामराव खालून सूचना देत होते, त्या कुणी ऐकत नव्हतं. ऋचाने पिल्लू पिशवीत घालून वर पाठवलं. तासभर मादी चकरा मारत राहिली, मग ढोलीत शिरली.

ऋचा रडली. श्यामरावांनी पिंजरा पुसून घरी नेला.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'संस्थेतर्फे पोपटांसाठी नैसर्गिक घरट्याची सोय करण्यात आली आहे. पक्ष्यांना हात लावू नये. हुकमावरून, सचिव.'

तोडलं कुणी, ते लिहायला फलकावर जागा पुरली नसावी. एप्रिलमध्ये पिल्लू उडालं. सूचना अजून आहे.