खोक्यातून दिसणारी पावलं

विद्यापीठाचा इटालियन विभाग एरवी शांत, पण वर्षातला एक आठवडा त्याच्या अंगात यायचं. जिन्याच्या भिंतीवर जुन्या चर्चमधल्या चित्रांचे मोठाले फोटो लागायचे. दुपारी सिनेमा, संध्याकाळी इटालियन गाण्यांचा वर्ग, आणि त्यात ज्यांना सूर नाही ते सगळ्यांत पुढे. शेवटच्या संध्याकाळी नाटक. एकच अंक, सगळं इटालियनमध्ये, नटसुद्धा विद्यापीठातलेच.

त्या नाटकाची एक रीत होती. रंगमंचाच्या पुढच्या काठाशी, बरोब्बर मधोमध, चौकोनी खड्डा आणि त्यावर लाकडी टोपण. टोपणाची पाठ प्रेक्षकांकडे, तोंड नटांकडे. त्या खोक्यात एक माणूस बसायचा, मांडीवर संहिता, कपाळाशी बारीक दिवा. नट अडला तर सांगायचं, एवढंच त्याचं काम नव्हतं. जुन्या इटालियन नाटकमंडळ्यांच्या पद्धतीनं तो प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द आधीच पुटपुटायचा. नट अडो, न अडो. शब्द आधी खालून उगवायचा, मग वर फुलायचा.

हे खोकं काकांचं. काका भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, आता निवृत्त. इटालियनचा गंध नसताना ते त्या खड्ड्यात उतरले होते, कारण वर त्यांची बायको उभी राहणार होती. ती इटालियन शिकवायची. विद्यार्थी तिला सिन्योरा, म्हणजे बाई, म्हणायचे, आणि निवृत्तीनंतरही ते नाव तिला चिकटून राहिलं.

"दगडांचा मास्तर," ती सगळ्यांना सांगायची, "खड्ड्यातच शोभतो!"

"लोक चेहरे बघायला येतात," काका म्हणायचे, "मी पावलं बघतो. नट आधी पायात अडतो, मग तोंडात."

ते खरंच होतं. खोक्यातून मान वर केली तरच चेहरा दिसे, एरवी समोर नुसते जोडे. कोण घाबरलाय, कोण वाक्य गिळणार आहे, काकांना ते घोट्यांवरून कळायचं. आणि सिन्योराची पावलं तर ओळखीच्या वाटेसारखी. शब्द निसटला की तिची डावी टाच हळूच उचलली जायची, फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर व्हावं तशी.

या वर्षी मात्र शब्द घरातही निसटू लागले होते.

"अहो, ती जरा द्या ना... ती..."

"किसणी."

"मी किसणीच म्हणणार होते."

"मग म्हणायचंस."

"म्हणू दिलंत का?"

डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, आत्ताच काही नाव द्यायला नको, पण लक्ष ठेवा. काकांनी ते शब्दशः घेतलं. चहाच्या कपाशी, दाराच्या कडीशी, शेजारणीशी बोलताना, जिथं सिन्योरा क्षणभर थांबे तिथं काका शब्द घेऊन हजर. प्रेमानंच. पण पायात पाय घालणारं प्रेम ते.

यंदाच्या नाटकात ती खानावळ चालवणारी विधवा होती. कित्येक वर्षांनी तिचा भाऊ परत येतो, नाव न सांगता दार ठोठावतो, रात्रीपुरती खोली मागतो. ती त्याला आवाजावरून ओळखते. गप्प होते. मग एकच शब्द म्हणते, "एन्त्रा." आत ये.

तालमीत ती त्या जागी गप्प झाली, आणि खालून काकांचा आवाज आला, "एन्त्रा."

ती वळली. रंगमंचाच्या काठापर्यंत आली आणि खोक्यात वाकून बघू लागली. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

"मी विसरले नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "मी ओळखत होते त्याला. तो अभिनय होता हो."

भावाचं काम करणारा रसायनशास्त्राचा लेक्चरर उगाचच आपली टोपी बघू लागला. विभागप्रमुख सिन्योराचीच जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, काकांची सवयच ती. सगळ्यांनाच देतात ना पहिला शब्द."

"सगळ्यांना देऊ देत. मला नको." मग खोक्याकडे बघून, "मला खरंच लागला तर मी हातातला फडका खांद्यावर टाकीन. त्याआधी एक अक्षर जरी आलं, तर मी तिथूनच खाली उतरेन. आणि मग पुन्हा चढायची नाही. नाटकाला नाही, कशालाच नाही."

काकांना माहीत होतं, ही बोलते ते करते.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल भरला. गाण्याच्या वर्गातले बेसूर लोक पहिल्या रांगेत आले. काका गुडघे दुमडून खोक्यात उतरले, दिवा लावला. पडदा वर गेला. ते इतरांना शब्द देत राहिले, आणि तिच्या वाक्यांआधी ओठ मिटून घेत राहिले. घास समोर आणि हात बांधलेले, असं वाटलं त्यांना. पण तिचं वाक्यामागून वाक्य येत होतं, स्वच्छ, धुतलेल्या भांड्यासारखं.

दार वाजलं. भावानं खोली मागितली. ती गप्प झाली.

काकांनी श्वास धरला. तालमीत ही शांतता असायची तेवढी झाली. त्याच्याही पुढे गेली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. विंगेतून विभागप्रमुख हातवारे करू लागली, द्या, द्या! काकांच्या जिभेवर "ए" येऊन बसला होता, दाराशी चप्पल घालून उभं राहावं तसा.

फडका तिच्या हातातच होता. पण फडक्याचीच खूण विसरली असली तर?

त्यांनी पावलं बघितली. काळे जोडे. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, अगदी निवांत. ही अडलेली नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. ही ओळखते आहे. आणि त्यांनी तो "ए" गिळला.

शांतता आणखी खोल झाली. आता कुणी खोकत नव्हतं. सगळा हॉल त्या बंद दाराशी उभा होता.

मग वरून आवाज आला. थकलेला, ओला, पण तिचा.

"एन्त्रा."

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं हुंदका दिला, आणि नाटक पुढे सरकलं.

टाळ्या झाल्या, फुलं झाली, फोटो झाले. विभागप्रमुख सिन्योराच्या गळ्यात पडली. "बाई, तो पॉझ! जीव गेला माझा."

दोघं चालत घरी निघाले. मग काका म्हणाले, जरा ऐटीतच, "मला कळलं होतं हो. तुझ्या टाचा बघितल्या मी. म्हटलं, ही विसरलेली नाही."

सिन्योरा थांबली.

"शब्द गेला होता," ती म्हणाली.

"काय?"

"पार गेला होता. फडका हातात आहे, तो कशाला आहे, तेही गेलं होतं. समोर नुसतं दार. मला वाटलं, आता खालून येणार. आला नाही." तिनं त्यांच्या दंडाला धरलं. "तुम्ही गप्प होतात ना, मग मला वाटलं, अजून वेळ आहे. म्हणून घाबरले नाही. म्हणून आला."

आयुष्यभर पावलं वाचणारा माणूस, आणि आजच चुकीचं वाचलं होतं. काकांच्या मनात भीती होती, आणि भीतीच्या कुशीत आणखी काहीतरी मऊ होतं. त्यांनी तिचा हात तसाच दंडाशी धरून ठेवला आणि चाल तिच्या चालीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत होता. सिन्योरा ओट्याशी उभी.

"अहो, ती द्या ना... ती..."

काकांचा हात गाळणीवरच होता. तो त्यांनी तिथंच ठेवला. तोंड मिटलं. तिच्या अनवाणी पावलांकडे बघायचा मोह झाला, पण बघितलं नाही. पावलांवर आता भरवसा नव्हता. चहा वर आला, तिनं गॅस बारीक केला. खिडकीतून ऊन ओट्यावर सरकलं. ती शोधत होती, आणि ते थांबले होते.

बऱ्याच वेळानं ती त्यांच्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. ओल्या हातानं तिनं ओट्यावरचा फडका उचलला आणि खांद्यावर टाकला.

काका जवळ सरकले, आणि खोक्यात बोलायचे तसे, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गा..."

"गाळणी," सिन्योरा म्हणाली, आणि तिनं हात पुढे केला.