ऐकू आलं नाही

"आता तरी आला का आवाज?" बायकोनं पुढे येऊन, थेट त्याच्या तोंडासमोर तोंड आणून विचारलं.

"कसला?"

तिच्या एका हातात पातेलं होतं, दुसऱ्या हातात चमचा. तो भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला होता, आणि मागून चमचा वाजला की त्यानं हात वर करायचा असं ठरलं होतं. त्यानं हात एकदाच वर केला होता. नेमकी तेव्हा ती कपाळावरचा घाम पुसत होती.

ती मटकन खाली बसली. चमचा फरशीवर पडला, तोही त्याला दिसला फक्त.

तेलविहिरींवर सगळे त्याला भोंगा म्हणत. तो कानात काही सांगायला लागला तरी इंजिनघरावरची कबुतरं उडतात, अशी थट्टा चाले आणि तोही हसे. त्याचा आवाज एवढा मोठा का, हे कुणी विचारलं नव्हतं. विहिरीत उतरवलेले लोखंडी पाइप तारेच्या दोरानं वर ओढणारं विंच तो चालवायचा. उमेदीची सगळी वर्षं इंजिनाला खेटून उभं राहण्यात गेली. डावा कान कधीच गेला होता. उजव्या कानावर आणि समोरच्याचे ओठ वाचून तो वेळ मारून नेत होता. आता उजवाही दगा द्यायला लागला होता.

बरे दिवस असते तर हेही खपून गेलं असतं. पण दूरच्या कुठल्याशा देशांची आपसांत जुंपली, एकमेकांना बुडवायला त्यांनी वाटेल तेवढं तेल बाजारात ओतलं, आणि तेलाचे भाव असे गडगडले की इथल्या विहिरींचा उपसा परवडेना. कंपनीनं एकेक विहीर बंद करायला घेतली. आतले पाइप उपसायचे आणि भोकात सिमेंट ओतायचं. ते कामही याच माणसांनी करायचं. विहिरीवरच्या लोकांचे कपडे शिवणारा शिंपी मशीन विकून गावी गेला. भाड्याच्या खोल्यांना कुलपं लागली. चहाच्या टपरीवर चहावालाच तेवढा बसलेला दिसे.

त्याच दिवसांत भोंग्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा भेटायला येऊन गेला. दाजी शहरात टॅक्सी चालवायचे. पेट्रोल इतकं स्वस्त झालं होतं की कित्येक वर्षांनी त्यांनी टाकी काठोकाठ भरली होती. येताना ते मेव्हण्यासाठी नवाकोरा टेबलफॅन घेऊन आले. भाव असेच राहिले तर घर दुरुस्त करून घेऊ, असं सांगताना या दोघांचे चेहरे त्यांना दिसले, आणि पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. ताईच्या घरात सुख आलं म्हणून राग येणं भोंग्याला शोभत नव्हतं. तरी येत होता.

मग बातमी आली की सगळ्यांची डॉक्टरी तपासणी होणार. ज्याच्यात खोट निघेल तो घरी. आणि कंपनीनं स्वतःहून काढलेल्यांना जी भरपाई मिळे, तीही त्याला नाही. म्हणून हा पातेल्याचा खटाटोप.

शेवटी त्यानं लांब्याला सांगितलं. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते, लग्नाआधी एका खोलीत राहिले होते. लांब्या एवढा उंच की प्रत्येक दारातून वाकूनच आत यायचा.

"मला काय नवीन सांगतोस?" लांब्या म्हणाला. "तुझ्या डाव्या बाजूला उभा राहून इतक्या वर्षांत किती शिव्या दिल्या तुला. एकदा तरी उलटून दिलीस का, लेका?"

तपासणीच्या दिवशी भोंग्याला काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसवलं. नर्स बाहेर. ती बटण दाबी तेव्हा तिच्या यंत्रावर डावा किंवा उजवा दिवा लागे, आणि तोच आवाज आतल्याच्या त्या कानात जाई. तिच्या मागच्या बाकावर पुढचा नंबर लांब्याचा होता. बसल्या बसल्याही त्याला तिच्या खांद्यावरून दिवे दिसत होते. तो मान दुखत असल्यासारखी कधी इकडे कलती करी, कधी तिकडे. भोंग्यानं त्याप्रमाणे हात वर केले. नर्सनं त्याच्या कानांचं कौतुक केलं. ते त्यानं तिच्या ओठांवरून वाचलं.

त्या संध्याकाळी बायको खूप दिवसांनी पोटभर जेवली.

पुढच्याच विहिरीवर ते घडलं. दुपारची वेळ होती. वर आलेला पाइप भोंगा विंचनं खाली सोडायचा आणि लांब्या तो हातानं ढकलून ढिगावर नेऊन ठेवायचा. जमीन तेलानं निसरडी झाली होती. लांब्याचा पाय घसरून ढिगाच्या फटीत अडकला, आणि वर पाइप लटकत होता. त्यानं हाक मारली. टाकीपलीकडे काम करणाऱ्या वेल्डरनं ती ऐकली आणि हातातलं टाकून तो धावत सुटला. भोंगा दोरावर नजर लावून होता, डोळ्यांत तेल घालून काम करत होता. त्यानं पाइप खाली सोडला.

वेल्डर हात हलवत समोर आला तेव्हा त्याला कळलं.

लांब्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी फोरमननं भोंग्याला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यावरही वरून दबाव होता. एवढ्या इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार, असं तो स्वतःच म्हणाला. लांब्या नको तिथे उभा राहिला, चूक त्याची. भोंग्यानं फक्त हो म्हणायचं, त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही. फोरमननं सांगितलं नाही ते भोंग्याला समजलं. चूक लांब्याची ठरली की औषधपाणी, भरपाई, सगळं बंद.

तो उद्या सांगतो म्हणून निघाला आणि हॉस्पिटलात गेला. लांब्या कॉटवर मावत नव्हता. त्याचा उरलेला पाय कॉटबाहेर लोंबत होता. त्यानं भोंग्याकडे एकदाच बघितलं आणि ओठ नीट दिसतील असं, सावकाश सांगितलं, "तपासणीचं बोललास तर दोघंही जाऊ." मग भिंतीकडे तोंड वळवलं.

सकाळी भोंगा फोरमनसमोर उभा राहिला.

"मी बहिरा आहे, साहेब. त्यानं हाक मारली होती. वेल्डरला ऐकू आली, मला आली नाही."

"तपासणीत तर पास झालास."

"अंदाजानं हात वर करत होतो."

"आणि एवढे सगळे अंदाज बरोबर आले?"

"आले. नशीब तेवढंच होतं. तिथंच संपलं."

फोरमननं समोरची तपासणीची यादी एकदा बघितली. बाकावर पुढचा नंबर कुणाचा होता, हे त्यालाही माहीत असावं. त्यानं विचारलं नाही. लांब्याचे उपचार चालू राहिले, आणि भोंगा फसवणुकीच्या ठपक्यासह, रिकाम्या हातांनी घरी आला.

बायको दोन दिवस ताट पुढे सरकवून निघून जायची. मग एकदा समोर येऊन बसली. हाक ऐकू आली असती तर थांबवलं असतंत ना, एवढंच तिनं विचारलं. तो हो म्हणाला. ती उठून कामाला लागली.

त्यानंतर त्याचे हाल कुत्रं खाईना. बहिऱ्याला कुणी उभं करेना. गोदामात पोती उचलताना मागून येणारी हातगाडी ऐकू आली नाही, तर तिथूनही घालवला. बायको लोकांकडे धुणीभांडी करू लागली. फॅन केव्हाच विकला गेला होता. लांब्या घरी आल्याचं कळल्यावर तो दोनदा गेला. दोन्ही वेळा दार लांब्याच्या बायकोनं उघडलं आणि तो झोपलाय असं सांगितलं.

मग त्या दूरच्या देशांचं काहीतरी जमलं. भाव चढायला लागले ते चढतच राहिले. बंद करायच्या राहिलेल्या विहिरी कंपनीनं पुन्हा सुरू केल्या. चहाच्या टपरीवर पुन्हा गर्दी झाली. आणि एका सकाळी दाजी दारात उभे राहिले, पायी. पेट्रोलचे भाव झेपेनात म्हणून टॅक्सी मालकाला परत केली होती. ताईला बरं नव्हतं. खाली मान घालून ते बोलू लागले. भोंग्यानं त्यांची हनुवटी वर केली, तेव्हा ओठ दिसले. विहिरीवर काही काम मिळेल का, असं विचारत होते.

भोंगा त्यांना घेऊन निघाला. वाटेत ओरडून ओरडून त्यांना सांगत राहिला की दोराखाली उभं राहू नका, ढिगावर पाय टाकू नका, चालत्या यंत्राकडे पाठ करू नका. दाजी माना डोलवत होते.

फाटकाशी स्टुलावर लांब्या बसला होता. कंपनीनं त्याला पहाऱ्यावर घेतलं होतं. त्यानं दाजींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातानंच आत जायची खूण केली. भोंग्याकडे बघितलं नाही.

दाजी इंजिनघराकडे गेले आणि वळणावर दिसेनासे झाले. भोंगा तिथेच उभा राहिला. जरा वेळानं त्यानं फाटकाच्या लोखंडी गजावर तळहात ठेवला. आत इंजिन सुरू झालं असावं. गज हलकेच थरथरत होता, आणि ती थरथर मनगटापर्यंत येत होती.

लांब्या कुबडी घेऊन उठला. त्याला फाटक लावायचं होतं. भोंग्याचा हात बघून तो थांबला.