शेपटीतलं शिसं

ह्यांना नाकजड विमान सहन होत नाही. माणसं होतात, मी झालेच आहे, पण विमानाचं नाक खाली झुकलं की ह्यांचं डोकं फिरतं. मैदानावर कुणी असलं रिमोटचं विमान आणलं की तिथे मूग गिळून बसायचे आणि घरी आल्यावर माझ्या शिलाई मशीनशेजारी खुर्ची ओढून त्याचा उद्धार करायचे. "आळशी विमान. अंगठा आज हलवला तर त्याला उद्या कळणार. त्यापेक्षा हातगाडी उडवावी."

मी टीप घालत ऐकायची. हे जन्मभर लेथवर काम केलेले टर्नर, केसाएवढा फरक राहिला तरी जेवण गोड न लागणारे. निवृत्त झाल्यावर रिमोटच्या विमानांचं वेड घेतलं, तेव्हा मला वाटलं, चला, माझ्या शिवणातल्या चुका काढायचे तरी थांबतील. थांबले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

ह्यांचा उजवा हात थरथरतो. आज हे सरळ सांगतेय, पण दोन वर्षं आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप तेवढी वाढली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसा ह्यांनी तो हात खिशात झाकला. मी कप अर्धाच भरायला लागले, तर म्हणाले, "चहा कमी केलास ते बरं केलंस." सदऱ्यांची बटणं काढून मी दाबायची बटणं लावली आणि सांगितलं की हल्ली हीच पद्धत आहे. हे हो म्हणाले. चाळीस वर्षांत माझ्या एका वाक्याला हे मुकाट्याने हो म्हणाले असतील तर ते हेच.

मागचं विमान पडलं तेव्हा मी तिथे होते. वर, खाली, वर, खाली, आणि मग नाकावर. ह्यांचा अंगठा रिमोटच्या कांडीवर नाचत होता आणि ते विमान बिचारं इतकं गुणाचं की अंगठ्याचं प्रत्येक म्हणणं ऐकत होतं. हे म्हणाले, "वारा होता." आमचे घड्याळवाले भाऊजी, ह्यांचे मैदानावरचे जुने सोबती, म्हणाले, "हो, वारा होताच." गवताचं पातं हलत नव्हतं. मीही म्हणाले, वाराच. एकदा भाऊजींनी हळूच सुचवलं होतं की उडवायचं मी बघतो, तुम्ही शेजारी उभे राहा. त्यानंतर तीन आठवडे हे मैदानाकडे फिरकले नाहीत.

नवीन विमानाला एक वर्ष आणि आठ महिने लागले. पूर्वी दोन महिने लागायचे. लाकडाच्या पट्ट्या कापताना चुकायच्या, पुन्हा कापायचे, आणि मी दुसऱ्या खोलीत मशीन जोरात चालवायची, म्हणजे ह्यांना वाटावं की मला काही ऐकू येत नाही. हे विमान मोडलं तर पुढचं होणार नाही. हे दोघांनाही कळत होतं, बोललं कुणीच नाही.

शेवटी तोल बघायचा दिवस आला. पंखाखाली दोन खुणा असतात, तिथे बोटांची टोकं लावून विमान उचलायचं, ते सपाट राहिलं पाहिजे. ह्यांनी बोटं लावली नाहीत. लाकडी ठोकळ्यावर दोन पेन्सिली उभ्या केल्या आणि त्यांच्यावर विमान ठेवलं. नाक दोन बोटं खाली गेलं. मोटर जुनी आणि वजनदार होती. बॅटरी मागे सरकवली, मागे जागाच उरली नाही तोवर सरकवली, तरी नाक खालीच. मग मला हाक आली, "अगं, तुझा तो डबा दे."

पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत मी शिशाचे चपटे तुकडे शिवते, त्यांचा तो डबा. ह्यांनी एकेक तुकडा शेपटीवर ठेवून पाहिला. पाचव्या तुकड्याला विमान असं सपाट राहिलं की त्यावर पाण्याचा पेला ठेवावा. ते पाचही तुकडे शेपटीच्या पोकळीत चिकटवून हे किती दिवसांनी हसले. मी मात्र ह्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. हेही विमान आता अंगठ्याचं प्रत्येक म्हणणं ऐकणार होतं.

आणि मला ह्यांच्याच शिव्या आठवल्या. अंगठा आज हलवला तर त्याला उद्या कळणार. म्हणजे आळशी विमानच हवं होतं आम्हाला.

दुपारी हे झोपले तेव्हा मी टाके उसवायच्या पात्याने शेपटीखालचं पातळ प्लास्टिकचं आवरण तीन बाजूंनी कापलं आणि शिसं काढलं. चार तुकडे निघाले. पाचवा असा घट्ट बसला होता की ओढला असता तर लाकूड फाटलं असतं. तो राहू दिला. आवरण इस्त्रीच्या टोकाने परत चिकटवलं. काम सफाईदार झालं, पण मी स्वतःच्याच घरात चोरी केली होती. माझा अंदाज चुकला असता तर ह्यांचं शेवटचं विमान मी पाडलं असतं, आणि तेव्हा वाऱ्याचं नाव घ्यायला माझी जीभ वळली नसती. संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं. हे मुकाट्याने जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. भाऊजी लांब गवतातले दगड वेचत होते. उडवण्याआधी एकदा बोटांवर तोल बघायचा, हा ह्यांचा नेम, जित्याची खोड. ह्यांनी हात पुढे केले, उजव्या हाताकडे बघितलं आणि परत खिशात घातला.

"तू धर," म्हणाले.

आजवर तोल बघताना ह्यांनी कुणाला विमानाला हात लावू दिला नव्हता. मी खुणांखाली बोटं लावली आणि उचललं. मला ते बोटाने सावरून सपाट धरता आलं असतं. नाही धरलं. नाक हळूहळू खाली गेलं.

ह्यांनी वाकून शेपटीखालची चिकटवलेली कड बघितली. "किती काढलेस?"

"चार."

"पाचवा?"

"निघाला नाही. लाकूड फाटलं असतं."

"का काढलेस?"

"तुमचा हात थरथरतो म्हणून," मी म्हणाले. "विमानाला ते कळायला नको."

मला वाटलं, आता विमान उचलतील, घरी चालू लागतील आणि माझ्याशी बोलणार नाहीत. बोलले नसते तरी मी माघार घेतली नसती.

"मागच्या वेळी वारा नव्हता ना?"

"नव्हता."

"भाऊजींनाही माहीत होतं?"

"त्यांना डोळे आहेत."

ह्यांनी मान हलवली. मग लांब उभ्या भाऊजींना हाक मारून म्हणाले, "या, फेका. नाकजड आहे, जरा जोर लावा." हे शब्द ह्यांच्या तोंडून ऐकून भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे बघितलं.

विमान गेलं. शिकल्यासवरल्या विमानासारखं नाही, जड पायांच्या माणसासारखं गेलं. माझं लक्ष आकाशाकडे नव्हतं, अंगठ्याकडे होतं. तो मशीनच्या सुईसारखा हलत होता, कांडी त्याच्याबरोबर हलत होती, आणि वर ते विमान आपलं सरळ चाललं होतं. सहा फेऱ्या झाल्या. भीती गेली आणि मला रडू आलं, ते मी पुसलंही नाही. उतरताना विमान फार पळालं आणि नाक गवतात खुपसून थांबलं. मोडलं काहीच नाही.

"काय बेकार उडतं," हे म्हणाले.

मग हे गवतात बसले आणि विमान उलटं करून मांडीवर घेतलं. "पातं आणलंयस?"

"पिशवीत आहे."

"मग तो पाचवाही काढ. लाकूड फाटलं तर फाटू दे, चिकटवू. हाताची थरथर आता वाढतच जाणार."

मी समोर बसले. ह्यांनी विमान दोन्ही हातांनी धरलं होतं. भाऊजी बघत होते, तरी हात खिशात गेला नाही. विमान सारखं हलत होतं, म्हणून तुकडा काढायला मला बराच वेळ लागला.