मागच्या सीटची उसवलेली शिवण

गयासमियांच्या लेकीचा, लुबनाचा, अकिका म्हणजे जावळ काढून नाव ठेवण्याचा विधी झाला त्याच साली, १९८४ मध्ये, मी त्यांच्या दारात आले. मित्रांनो, मी एक जुनी फियाट आहे. अकिक्याच्या दिवशी लुबना माझ्याच मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर झोपली होती.

तिची आई राहतबी. राहतबींचे वडील हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचे वेलबुट्टीचे कापड, विणायचे. माग कायमचा बंद करताना त्यांनी शेवटचा तुकडा लेकीला दिला. तिने तो स्वतःच्या हाताने माझ्या मागच्या सीटवर शिवला. मी पाहुण्यांना अजिंठ्याची लेणी दाखवायला फर्दापूरला न्यायची. लोक आत बसले की आधी सीटवरून हात फिरवायचे. तेव्हा मला फार मान होता.

१९९० मध्ये राहतबी वारल्या. धाकटा सरफराज तेव्हा दीड वर्षाचा होता. हिमरू झिजू नये म्हणून गयासमियांनी वरून रेक्झिन चढवले. एक शिवण मात्र चार बोटे मावतील एवढी उसवून ठेवली. रोज असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर ते मागे येऊन बसत आणि बोटे आत घालून हिमरूवरून फिरवत. हे फक्त मलाच ठाऊक होते.

सरफराज मोठा झाला आणि मला भंगारात द्या म्हणू लागला. त्यावरून बापलेकांचे बोलणे तुटले. २०२४ मध्ये मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर गयासमियां आठवडाभर लुबनाकडे लासूर स्टेशनला राहिले. तेवढ्यात गाडी आतून नवी करावी, अब्बा खूश होतील, असे सरफराजच्या मनाने घेतले. त्याच्या मनात खोट नव्हती. पण त्याने आयुष्यात कधी सुईत दोरा ओवला नव्हता.

पुंडलिकनगरात सीट कव्हरे शिवणारे बन्सीकाका मला बघायला आले.

"ब्लेड नको लावू, बाबा. एकेक टाका उसव. जुनं कव्हर शाबूत निघालं, तर त्याच्यावरूनच नव्याचं माप घेता येतं."

"काका, मोबाईलवर सगळं दाखवतेत."

"मोबाईलवाल्यानं ही गाडी पाह्यली व्हय? आन् ही फट बघ. कुणीतरी मुद्दाम उसवलीय. आधी बापाला इचार."

"विचारलं तर मग सरप्राईज कसलं, काका?"

काका गेले. सरफराजने ब्लेड चालवले. वरचे रेक्झिन आणि खालचे हिमरू एकदमच फाटले. त्याला खाली मळकट कापड दिसले. त्याच्या चिंध्या करून त्याने सांडलेले चिकटवायचे सोल्युशन पुसले. नव्या फोमवर लाल रेक्झिन ताणून बसवले. कोपऱ्यांत सुरकुत्या पडल्या, तरी तो हरखून गेला होता.

गयासमियां काळा चष्मा लावून परतले. मागे बसले. हात सवयीने शिवणीकडे गेला. फट सापडली नाही, तसा पुन्हा चाचपू लागला.

"इथली फट?"

"बंद केली, अब्बा. सगळं नवं टाकलं."

"आतलं कापड?"

सरफराजने खाली पडलेल्या चिंधीकडे पाहिले. ती वाळून पापडासारखी कडक झाली होती.

"ते... पुसायला घेतलं."

"तुझ्या अम्मीनं शिवलं होतं ते." गयासमियां उतरले. "लई चमकवलीस गाडी. आता दे भंगारात."

मित्रांनो, आता लोक माझ्यासोबत फोटो काढतात. सरफराज दर रविवारी मला पुसतो. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. जुनी वस्तू नवी करायला घ्याल, तेव्हा तिच्यावर रोज कोणाचा हात फिरतो, एवढे आधी विचारा. त्याने विचारले असते, तर त्या दोघांचे बोलणेही सुरू झाले असते.

गयासमियां २०२५ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी सकाळी वारले. सीट नवी झाली त्या दिवसानंतर ते माझ्यात कधी बसले नव्हते.