लाल दिवा आणि एकतीस वायरी

संगीत अमर असतं. जावयाचं संगीत मात्र शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एका ओल्या फडक्याने संपलं.

तो दुपारी जेवायला घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ होता. भिंतीकडच्या टोकाला त्याचा सिंथेसायझर होता, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसत होता. एकतीस वायरी लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या अशा निवडून, गुंडाळून, रबरबँड लावून चहाच्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. शेजारी सासूबाई हात पुसत उभ्या होत्या. त्या कौतुकाची वाट पाहत होत्या.

या सिंथेसायझरला हार्मोनियमसारख्या पट्ट्या नव्हत्या. ती एक लोखंडी पेटी होती, आणि तिच्या दर्शनी बाजूवर भोकांच्या पाच ओळी आणि फिरवायची बटणं. एका कप्प्यातून नुसता कच्चा गुणगुणाट निघतो, दुसरा त्याच्या कडा तासतो, तिसरा त्याला श्वास घ्यायला लावतो. पण कोणाचं कोणाशी काय नातं, हे वायर ठरवते. या भोकातून त्या भोकात वायर खोचायची, ऐकायचं, तोंड वाकडं करायचं, काढायची. असं तीन आठवडे केलं की कधीतरी एक आवाज सापडतो. यंत्राला आठवण म्हणून काही नसते. वायरी काढल्या की आवाज गेला.

मग वायरिंग लिहून का ठेवलं नाही, असा प्रश्न कोणीही विचारेल. बायकोनेही विचारला. पण जावयासारख्या सहा जणांचं एक मंडळ होतं, दंतवैद्य त्याचा सेक्रेटरी होता, आणि वायरिंग लिहून ठेवणं हे मंडळात परीक्षेत कॉपी करण्याइतकं हलकं मानलं जाई. आवाज वायरी निघेपर्यंत जगतो, मग नवा शोधायचा. हे तत्त्व जावयाने बायकोला अनेकदा समजावून सांगितलं होतं, आणि त्या प्रत्येक वेळी वायरी जागेवर होत्या.

कार्यक्रम रविवारी होता. सहा वर्षांत पहिल्यांदा मंडळाने त्याला एकट्याने वाजवायला वीस मिनिटं दिली होती.

"आई, हे तुम्ही काढलंत?" त्याने विचारलं.

"मग काय करणार? दिवा विझलेला, आणि कॉर्डी तशाच खोचलेल्या. कोणीतरी विसरून घरी गेलं होतं." त्या थोड्या रागातच होत्या. "माझ्या शिफ्टला असलं चालत नसे, जावईबापू. एवढ्या लायनी अडकून पडलेल्या. पलीकडे माणसं ताटकळत असतात."

सासूबाई एकोणिसाव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि बोर्ड मोडीत निघेपर्यंत तिथेच बसल्या. बोर्ड म्हणजे भोकांच्या ओळी आणि वायरी, ज्यांना त्या अजून कॉर्ड म्हणत. बोलणं चालू असेपर्यंत दिवा जळायचा. दिवा विझला की लाइनवर जाऊन विचारायचं, बोलणं झालं का? उत्तर आलं नाही किंवा हो आलं, की कॉर्ड काढायची. जावयाच्या यंत्रावरही एक लाल दिवा होता. आवाज निघत असेपर्यंत तो जळे, आणि वीज वाचवायला जावई ऑफिसला जाताना यंत्र बंद करून जाई.

"मी विचारलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "कोणी बोललं नाही."

बायको हे ऐकून स्वयंपाकघरातून आली. मग आत माय-लेकींचं जे झालं त्यातलं बाहेर थोडंच ऐकू आलं. सासूबाई आठ महिन्यांपूर्वी या घरी राहायला आल्या होत्या. त्याआधी त्यांच्या घरी दोनदा गॅस चालू राहिला होता. इथे त्या दुपारच्या गोळ्या दोनदा घेत किंवा एकदाही घेत नसत, आणि वार विचारत. सांगितल्यावर थँक्यू म्हणत. ती ऑपरेटरची सवय होती. बायको आईवर ओरडली, मग ओरडल्याबद्दल रडली. सासूबाईंना आपण काय केलं ते अर्धंमुर्धं कळलं, आणि त्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. जावई न जेवता ऑफिसला परत गेला.

त्याचं ऑफिस वजनमापांचं. बावीस वर्षं तो दुकानदारांचे तराजू तपासत होता. पाच ग्रॅमचा फरक असला तरी शिक्का मारायचा नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि बाजारात त्याला त्यावरून दोन-तीन नावं होती. त्यातली कुठलीही घरी सांगण्यासारखी नव्हती. त्या दुपारी त्याने एका भुसार दुकानदाराची अकरा वजनं नाकारली. ती खरोखरच हलकी होती, पण एरवी त्याला इतका आनंद झाला नसता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. चष्मा लावून, केस नीट बांधून, ट्रे पुढ्यात ओढून.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला माहितीये कुठली कुठे होती."

जावयाने बायकोकडे पाहिलं. बायकोने हळूच मान हलवली, पण ती हो होती की नाही, हे त्याला समजलं नाही.

"चाळीस नंबर तोंडपाठ असायचे मला," सासूबाई म्हणाल्या. "तीन आठवडे जेवताना तेच तर बघतेय समोर. घ्या. पिवळी. वरून दुसरी ओळ, पाचवं. तिथून खाली, चौथी ओळ, पहिलं."

त्याने खोचली.

"काळी. तिसरी ओळ, दुसरं. तिथून शेजारीच."

त्यांचा आवाज बदलला होता. घरात वार विचारणारा आवाज हा नव्हता. हा सपाट, स्वच्छ आणि घाई नसलेला होता, आणि त्यात चूक होण्याची सोयच नव्हती. एकदा त्या अडल्या, डोळे मिटून बोटं टेबलावर आपटत राहिल्या, आणि मग निळी वायर कुठली ते सांगितलं. एकतीस वायरी पंचवीस मिनिटांत लागल्या. बटणंही त्यांनी पुसता पुसता भिंतीवरच्या तसबिरींसारखी सरळ करून ठेवली होती, पण त्यांच्या जागा जावयाने बायकोच्या नेलपॉलिशने आधीच रंगवल्या होत्या. बायकोची त्याबद्दलची तक्रार तिथेच संपली.

यंत्र तापायला अर्धा तास लागतो. थंड असताना त्याचा सूर भरवशाचा नसतो. तो अर्धा तास तिघंही टेबलाभोवती बसून राहिली. मग जावयाने आवाज वाढवला आणि लाल दिवा लागला.

त्याने शोधलेला आवाज पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यासारखा होता. हा तसा नव्हता. हा लांब कुठेतरी पाइपातून कोणी फुंकर मारावी, थांबावं, पुन्हा मारावी, असा होता. जावयाला दुसऱ्या सेकंदाला कळलं.

"तेच ना?" सासूबाईंनी विचारलं.

बावीस वर्षं शिक्का मारणाऱ्या माणसाने दिव्याकडे पाहिलं.

"तेच," तो म्हणाला.

त्या रात्री सासूबाई दोन घास जास्त जेवल्या, आणि एक्स्चेंजमधली एक पर्यवेक्षिका डबा खाताना पकडली गेली ती हकिकत त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न विसरता सांगितली. गोळ्यांची आठवणही स्वतःहून काढली. बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

शनिवारी सकाळी बायकोला फोटो सापडला. तिने गुरुवारी रात्री आपल्या बहिणीला जेवणाच्या टेबलाची दशा दाखवायला तो पाठवला होता. खाली तिने 'आम्ही सध्या ताट मांडीवर घेऊन जेवतो' असंही लिहिलं होतं. फोटोत एकूण एक वायर स्पष्ट दिसत होती.

जावयाने चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि यंत्राशी एकेक वायर ताडून पाहिली. एकतीसपैकी सात जुळत होत्या.

"तास-दीड तासाचं काम आहे," बायको म्हणाली. "आई फिरायला गेलीय. यायच्या आत होईल. तिला काय कळणारेय?"

"त्यांना दिसेल. काल त्यांनी लावलंय ते सगळं त्यांना आज दिसेल."

"आणि उद्या नाही दिसणार कदाचित. अहो, सहा वर्षं वाट बघितलीत तुम्ही या वीस मिनिटांची."

जावयाने फोन तिला परत दिला. "असू दे ते," तो म्हणाला. "बघतो मी यातून काय निघतं ते."

हे बोलायला सोपं होतं. दुपारपर्यंत त्यातून काहीच निघालं नाही. फुंकर येई, जाई, आणि बायको दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन कुकर बघून येई. चारच्या सुमारास त्याने कंटाळून आवाज हळूहळू शून्यावर आणला. दिवा विझला. तो उठणार, तेवढ्यात काही न करता, सासूबाईंच्या चुकीच्या निळ्या वायरीतून, आवाजाच्या बटणाला वळसा घालून, एक अगदी खालचा स्वर सावकाश वर येऊ लागला. तो येत राहिला, त्यात दुसरा मिसळला, मग तिसरा. बायको दारात येऊन उभी राहिली. या वेळी ती कुकर बघायला गेली नाही.

सहा वर्षांत त्याने इतकं चांगलं काही केलं नव्हतं, आणि हे त्याने केलंही नव्हतं. त्याने आराखडा पक्का केला. आधी अकरा मिनिटं फुंकर. मग वीस सेकंद पूर्ण शांतता, दिवा बंद. मग तो स्वर, नऊ मिनिटं. फुंकर ही नुसती तयारी होती. सांगायचं होतं ते नंतर होतं.

यंत्र तसंच, एकही वायर न हलवता, शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेलं. बायको मागे बसून ते दोन्ही हातांनी धरून होती.

कार्यक्रम वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता. सतरा जण आले होते. त्यातले चार वर्तमानपत्र वाचायला आले होते आणि खुर्च्या बऱ्या वाटल्या म्हणून बसले होते. सासूबाई पहिल्या रांगेत, यंत्रापासून दोन हातांवर, मांडीवर पर्स घेऊन. दंतवैद्य दोन शब्द बोलतो म्हणून बरेच शब्द बोलला. मग जावयाने बटण फिरवलं.

अकरा मिनिटं ठीक गेली. वर्तमानपत्रवाल्यांतला एक जण पानं उलटायचा थांबला. मग जावयाने आवाज शून्यावर नेला, लाल दिवा विझला, आणि तो मनात वीस मोजू लागला.

सहाव्या आकड्याला सासूबाई उठल्या.

त्या दोन पावलं पुढे आल्या. पर्स त्यांनी यंत्राच्या शेजारी ठेवली. दिव्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. पण तो जावई आहे हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात होतं की नाही, सांगता येत नाही. बायको मागच्या रांगेतून अर्धवट उठली होती.

"बोलणं झालं का?" सासूबाईंनी विचारलं. परवाच्यासारखाच तो आवाज होता, सपाट आणि स्वच्छ. हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीपर्यंत तो नीट ऐकू गेला.

अजून बारा सेकंद होते. नाही म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या. बोलणं चालू असताना त्यांनी आयुष्यात कधी कोणाची लाइन तोडली नव्हती.

"झालं, आई," जावई म्हणाला.

"थँक्यू," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी कॉर्डी काढायला सुरुवात केली. वरच्या ओळीपासून, एकामागोमाग एक, न अडखळता. काढलेली प्रत्येक कॉर्ड त्या डाव्या मनगटावर टाकत होत्या. हॉलमध्ये फक्त वायर निघताना होणारा टक् असा आवाज येत होता. एकतिसावी निघाली तेव्हा त्या लोकांकडे वळल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दंतवैद्य नंतर म्हणाला की शेवट फार धाडसी होता, आणि मंडळात असं यापूर्वी कोणी केलेलं नाही. पुढच्या वर्षी जावयाला तीस मिनिटं देण्याचं ठरलं.

जुन्या वायरिंगचा फोटो बायकोच्या फोनमध्ये अजून आहे. नव्याचा कोणी काढला नव्हता.