उलट लिहिलेला सव्वा सेकंद

मंगळवार, २७ नोव्हेंबर २०१८. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी तलासरी तालुक्यातल्या खुटलपाड्याच्या अंगणवाडीची पश्चिमेची भिंत बाहेरच्या बाजूला पडली. मुलं पुढच्या अंगणात बसली होती, त्यांना काही झालं नाही. मागे चुलीशी खिचडी ढवळणाऱ्या मदतनीस बुधीबाईंच्या कमरेखाली भिंत आली. त्यांना जीपमध्ये घालून कासाच्या रुग्णालयात नेलं आणि तिथून दुपारी सिल्वासाला. वेळ नक्की सांगता येते, कारण सेविका सुनिता त्याच क्षणी मोबाइलवर हजेरी भरत होती. भिंत जुनी नव्हती. मे महिन्यात पाड्यातल्याच धाकल्या नावाच्या गवंड्याने ती एका ठेकेदारासाठी बांधली होती.

त्या महिन्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन हलायला लागून पंधरा-सोळा दिवस झाले होते. धक्के लहान, पण रोजचे. सरकारी यंत्रं अजून पाड्यापर्यंत पोचली नव्हती. सगळ्यांत जवळचं केंद्र इतकं लांब होतं, की लहान धक्का त्याच्या यादीत यायचाच नाही. खुटलपाड्याच्या शाळेत मात्र एक यंत्र होतं. ते मयुरा राऊतने बसवलं होतं.

मयुरा नरपडची. वडील रतन राऊत यांची चिकूची वाडी, आणि ती एका खासगी तंत्रनिकेतनात संगणक शिकवायची. मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी असते हे दाखवायला तिने आठ वर्षांत एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः लिहिली होती. थेट असेंब्लीत, प्रोसेसरला कळणाऱ्या एकेका सूचनेत. उंबरगावच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या जुन्या बोर्डावर ती चालायची. जमीन हलायला लागल्यावर मयुराने त्या बोर्डाला थरथर टिपणारा सेन्सर जोडला, सगळं एका पत्र्याच्या डब्यात बसवलं आणि शाळेच्या कपाटामागे फरशीला बोल्टने आवळलं. एका स्थानिक वर्तमानपत्रात डब्यासह तिचा फोटो आला. सव्वीस तारखेपर्यंत डब्याने एकतीस धक्के नोंदवले होते. त्यांच्या यादीवरच पाड्याला ताडपत्र्या मंजूर झाल्या होत्या.

बुधवारी सकाळी तिला तालुक्याहून फोन आला. शाखा अभियंता चुरी बोलत होते.

"मॅडम, तुमच्या डब्याचा कागद पाहिजे. कालचा, सव्वानऊचा. गवंडी बोलतो धक्का आला, भिंत त्याने पडली. ठेकेदार बोलतो गवंड्याने माल मारला. तुमचा कागद आला की माझा अहवाल झाला."

"आणि नसला तर?"

"नसला तर निष्काळजीपणाचा गुन्हा. बाई सिल्वासाला पडल्यात, दोन्ही पाय गेल्यासारखे. उद्या काही वाईट झालं तर कलम वाढेल. तुमच्यावर भरवसा आहे म्हणून तर मागतोय."

शाळेत ती पोचली तेव्हा धाकल्या आणि त्याची बायको जानी पायरीवर बसून होती. बुधीबाई जानीची सख्खी मावशी. मयुराने डब्याला प्रिंटर जोडला. कागद खरखरत बाहेर आला. एकतिसावी नोंद सोमवारी संध्याकाळची. बत्तिसावी मंगळवारी दुपारी चार चाळीसची. मधल्या ओळीत डब्याने छापलं होतं : नोंद नाही.

"काय बोलला तुजा डबा?" जानीने विचारलं.

"काही नाही बोलला."

"आमची कोंबडी बोलली. झापातून उडाली ती थेट कुडावर. पोरं बोलली, मास्तर बोलला. तुजा डबाच तेवडा मुका?"

मयुराने ती ओळ पुन्हा वाचली. तिला त्या ओळीत खटकलं ते वेगळंच होतं. धक्का आलाच नसता, तर डब्याने काहीच छापलं नसतं. 'नोंद नाही' ही ओळ तो तेव्हाच छापायचा, जेव्हा नोंद सुरू झालेली असायची आणि शेवटी ती खराब निघाल्यामुळे टाकून द्यावी लागायची. ओळीचे शब्द तिनेच निवडले होते. 'नोंद खराब' असं लिहिलं असतं तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. तेव्हा ते दोन्ही तिला सारखंच वाटलं होतं.

तिने लॅपटॉप जोडून डब्याची सगळी मेमरी उतरवून घेतली आणि शाळेच्याच बाकावर बसून आकडे वाचायला घेतले. दुपारी दीडच्या सुमारास तिला ते सापडलं. एकशे अठ्ठावीस आकडे, सेन्सरचा सव्वा सेकंद. शेवटून सुरुवातीकडे वाचले की सरळ धक्क्याची रेघ उभी राहत होती : आधी बारीक थरथर, मग एकदम उसळी. आकडे उलटे लिहिले गेले होते, आणि लिहिता लिहिता ते आधीच्या मजकुरावरून चालत गेले होते. त्या मजकुरातच तारीख आणि वेळ होती.

चूक कुठे आहे हे कळायला तिला आणखी दहा मिनिटं लागली.

प्रोसेसरच्या आत एकेका बिटाच्या काही खुणा असतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. त्यातला एक दिशेचा. तो खाली असेल तर प्रोसेसर मेमरीत पुढे पुढे लिहीत जातो, वर असेल तर मागे मागे. असेंब्ली लिहिणाऱ्यांत एक रीत आहे : दिशेचा फ्लॅग कायम खाली ठेवायचा, कामापुरता वर केला तर परतताना खाली करून जायचं. त्यामुळे पुढच्याने तो खालीच आहे असं धरून चालायला हरकत नसते. मयुराने ही रीत कधी मोडली नव्हती. एका धक्क्याची नोंद पुरी व्हायच्या आत दुसरा आला, की पहिली नोंद थोडी पुढे सरकवून जागा करावी लागते. असं सरकवणं शेवटापासून करावं लागतं, नाहीतर अजून न हललेल्या मजकुरावर पाय पडतो. तेवढ्यापुरता तिचा प्रोग्रॅम फ्लॅग वर करायचा आणि काम झाल्यावर खाली. सगळं रीतसर.

पण सेन्सर कोणी बोलावल्यावर येत नाही. त्याचे आकडे तयार झाले की तो चालू काम मधेच थांबवतो, आकडे उतरवतो आणि जातो. मंगळवारी सकाळी लागोपाठ दोन धक्के आले. मजकूर शेवटापासून सरकवला जात असताना, काही हजारांश सेकंदांच्या त्या फटीत, सेन्सर आत आला. फ्लॅग वर होता. आलेल्याने पाहिलं नाही. रीत बोलावणारा आणि बोलावलेला यांच्यातली आहे. मधेच घुसणाऱ्याने स्वतःच फ्लॅग आधी खाली करून घ्यायचा असतो. त्याला एक सूचना लागते, एका बाइटची. असं मधेच येणाऱ्याला सांभाळणाऱ्या भागाला हॅण्डलर म्हणतात; सेन्सरसाठी मयुराने आपला जुनाच हॅण्डलर वापरला होता, आणि त्याच्या पहिल्या मसुद्यात ती सूचना होती. दोन वर्षांपूर्वी मयुराने ती लाल पेनने खोडली होती आणि बाजूला लिहिलं होतं : अनावश्यक. वर्गात अशा जादा सूचनेला ती अर्धा गुण कापायची.

तिने धाकल्याला बाकावर बोलावून आकडे दाखवले. जमेल तितकं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मंजे धक्का आला होता."

"आला होता."

"मी तेच बोललो. माल कमी पडला तर भिंत ढासळते, ढीग होतो." त्याने हाताचा पंजा उभा धरला, आधी आत झुकवला, मग बाहेर आडवा पाडला. "ही सगळी एकदम गेली, फळीसारखी. शेटनी सिमेंट दिली तेवडीच लावली, त्ये खरं. पन ढकलल्याबिगर ही पडत नाय." मग त्याने विचारलं, "तुमी खोडलं त्ये केवडं होतं?"

"एक बाइट. एक अक्षर समजा."

"मी एक वीट कमी लावली असती तर तुमी काय बोलल्या असत्या?"

जानी म्हणाली, "बोल ना त्या सायबाला. जसं आमाला बोलली तसं बोल."

गुरुवारी अकरा वाजता ती चुरींच्या टेबलासमोर होती. चुरी पन्नाशीचे, सरळ माणूस. त्यांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि आलेख नीट पाहिला.

"हे उलटं वाचायचं?"

"हो. प्रोसेसरने मागे मागे लिहिलं म्हणून."

"आणि वेळ?"

"वेळ पुसली गेली, आकडे तिच्यावरूनच लिहिले गेलेत. पण सोमवार संध्याकाळ ते मंगळवार चार चाळीस, यांच्या मधलाच हा धक्का आहे, एवढं नक्की."

"म्हणजे बावीस तास. मॅडम, बावीस तासांत इथे बस गेली तरी लोक घराबाहेर पळतात. धक्का आला असेल, मी नाही म्हणत नाही. पण नऊ बारालाच आला हे कशावर लिहू? आणि किती मोठा होता?"

"पुढचं पुसलं गेलं. सव्वा सेकंदच उरलाय. उसळी सुरू होते तिथेच तुटतं."

चुरींनी चष्मा काढला. "ठेकेदाराचा वकील काय विचारेल सांगू? बाई, हे उलटंसुलटं तुम्ही घरी बसून केलं नाही कशावरून?"

"मशीनमध्ये मूळ आहे."

"मशीन तर चुकतं असं तुम्हीच सांगताय. बरं, तसं लेखी द्या. मग मला आधीच्या एकतीस नोंदींसमोरही शेरा मारावा लागेल. ताडपत्र्या त्यांच्यावर गेल्यात."

"त्या नोंदी बरोबर आहेत. चूक फक्त लागोपाठ दोन धक्के आले तरच होते."

"मला पटतं. पण असा रकाना फॉर्मात नाही."

तिने तरीही लेखी दिलं. दोन पानं, खोडलेल्या सूचनेसकट, खाली सही. नरपडला घरी आल्यावर वडिलांनी ती वाचली. रतन राऊतांना त्यातलं निम्मं कळलं नाही. ते म्हणाले, "अगं मयू, विहिरीचा व्हॉल्व्ह आपण फिरवला तर परत करून येतो. पण मधेच दुसऱ्याने मोटर चालू केली तर त्याने पाहायला नको?"

"त्यानेच पाहायला हवं, पप्पा. तो दुसरासुद्धा मीच लिहिला होता."

चुरींचा अहवाल शनिवारी गेला. त्यात दोन वाक्यं डब्याबद्दल होती : शाळेतील खासगी यंत्र सदोष असल्याचे संबंधितांनी लेखी कळविले आहे. घटनेच्या वेळी भूकंपाची नोंद उपलब्ध नाही. दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांच्या शेजारी बुधीबाईंचा जबाब होता, 'जमीन हलली, मग भिंत आली', आणि त्यापुढे कंसात लिहिलं होतं : आरोपीच्या पत्नीची मावशी.

सोमवारी, ३ डिसेंबरला, धाकल्यावर गुन्हा दाखल झाला. ठेकेदाराचं नाव साक्षीदारांत आलं. धाकल्याला जामीन मिळाला. दर सोमवारी ठाण्यात हजेरीची अट पडली. भिंतीचं काम त्याला कोणी देईना. चारोटीला एका ढाब्यामागे संडासाचा खड्डा खणायचं काम त्याने घेतलं.

गुन्हा दाखल झाला त्याच दिवशी दुपारी हवालदार शाळेत आले. धाकल्याच्या वकिलाने मूळ मशीन तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवा असा अर्ज दिला होता, तोही मयुराच्याच सांगण्यावरून. हवालदारांनी डब्याची वायर काढली, डबा गोणीत घातला, सुतळी बांधून लाखेचं सील मारलं.

"वायर काढली तर आतलं जातं का, मॅडम?" त्यांनी सील मारून झाल्यावर विचारलं.

"बॅटरी आहे. ती मेमरी सांभाळते."

"किती दिवस?"

"पूर्ण चार्ज असली तर नव्वद."

"मग बक्कळ आहेत की."

प्रयोगशाळेकडून जानेवारीत उत्तर आलं : क्रमाने घेण्यात येईल. त्याच महिन्यात सरकारी भूकंपमापक शाळेत बसला, तिने जिथे बोल्ट आवळले होते त्याच फरशीवर. तो उत्तम चालतो. त्याच्या नोंदी जानेवारीपासूनच्या आहेत.

मयुराने हॅण्डलरमध्ये ती एक बाइट परत घातली आणि घरच्या दुसऱ्या बोर्डावर लागोपाठ धक्के देऊन पाहिले. चारशे वेळा. एकदाही चुकलं नाही. ती सूचना काढून पुन्हा चारशे वेळा पाहिलं. तीनदा चुकलं, तिन्ही वेळा आकडे तसेच उलटे. हा तक्ता तिने वकिलाला दिला. तो म्हणाला, चांगलं आहे, पण यावरून तुमचं मशीन चुकू शकतं एवढंच ठरतं. त्या दिवशी ते याच कारणाने चुकलं, हे गोणीतलं मूळच सांगेल.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला तिने ठाण्यात अर्ज दिला : सील पंचांसमक्ष उघडून बॅटरी चार्ज करू द्यावी. अर्जाला उत्तर आलं नाही. धाकल्या सोमवारी हजेरीला जाई तेव्हा कोपऱ्यात गोणी दिसते का पाहून येई आणि चारोटीहून तिला फोन करी.

"हाय. तिथंच हाय. उंदरानं सुतळी कुरतडली थोडी."

"सील?"

"सील शाबूत."

शुक्रवारी, १ मार्चला, ती स्वतः गेली. मुद्देमाल सांभाळणारे जमादार म्हणाले, सील तोडायचा अधिकार आपल्याला नाही, कोर्टाचा हुकूम आणा. वकिलाने त्याच दिवशी कोर्टात अर्ज टाकला. पुढची तारीख १९ मार्च मिळाली. जानी तिच्याबरोबर आली होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आतला जीव कवा जातो?"

"रविवारी नव्वद दिवस होतात. दोन दिवस पुढेमागे."

"गेला का हाय, त्ये कसं कळंल?"

"उघडल्याशिवाय नाही कळणार."

रविवार, ३ मार्चला नव्वद दिवस झाले. बुधीबाई सिल्वासाहून घरी आल्या आहेत. उजवा पाय गुडघ्याखाली काढला, डाव्याला अजून सळई आहे. मंगळवार, ५ मार्चला दुपारपर्यंत गोणी ठाण्याच्या खोलीत होती आणि सील शाबूत होतं.